हार्ड कोर्टवरून मातीवर येताय? स्लो कोर्टसाठी खेळ कसा बदलायचा

मी जवळपास आठ वर्षं टेनिस फक्त हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टवर खेळले. जोरात सर्व्हिस, सपाट फोरहँड, दोन-तीन फटक्यांत पॉइंट संपवायचा, एवढाच माझा खेळ होता आणि तिथे तो चालायचासुद्धा. मग क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर खेळायला लागले आणि पहिल्याच मॅचमध्ये माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका काकांकडून १-६, २-६ हरले. त्यांनी अख्ख्या मॅचमध्ये चार-पाच विनर (समोरच्याला परत मारताच न येणारे फटके) मारले असतील, बाकीचे पॉइंट मीच घालवले. मॅच संपल्यावर मी बॅग भरायला निघाले तर ते म्हणाले, "अगं थांब, ब्रश फिरवायच्या आधी जरा इकडे ये." (खेळ संपला की माती सारखी करायला कोर्टवर ब्रश फिरवतात.) मला त्यांच्या बाजूच्या कोर्टात घेऊन गेले आणि मातीवर उमटलेले बॉलचे ठसे दाखवले. माझे बहुतेक बॉल सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मधल्या आडव्या रेघेच्या आसपास पडलेले, आणि एक वेगळा पुंजका बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या शेवटच्या रेघेच्या बाहेर. मधल्या पट्ट्यात जवळपास काहीच नाही. मग माझ्या बाजूला आलो तर त्यांचे ठसे बेसलाइनच्या आत दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात, आणि माझ्या बुटांच्या लांबच लांब रेघा साइडलाइन ओलांडून बाहेर गेलेल्या. काही बोलायची गरजच नव्हती.

पुढचं वर्षभर मी जे शिकले ते एका जागी लिहून ठेवतेय, कारण तेव्हा मला जो तो "टॉपस्पिन मार, पेशन्स ठेव" एवढंच सांगायचा (टॉपस्पिन म्हणजे बॉल पुढच्या दिशेने गरगरत जाईल असा खालून वर घासून मारलेला फटका). म्हणजे नेमकं काय करायचं, कुठून सुरुवात करायची, हे कोणी सांगत नव्हतं.

कोर्ट स्लो असतं म्हणजे नक्की काय होतं

बॉल जमिनीला टेकला की दोन गोष्टी होतात, जमीन त्याला किती घासते आणि तो किती वर उसळतो. क्लेवर सगळ्यात वरचा थर विटांच्या बारीक चुऱ्याचा असतो, जेमतेम एक-दोन मिलिमीटर, पण तेवढा पुरतो. बॉल त्यात घासतो, पुढे जायचा वेग मरतो आणि तो जास्त उभा उसळतो. फास्ट कोर्टवर तोच बॉल खालून सरकत निघून जातो. म्हणजे तुम्ही जीव खाऊन मारलेला सपाट फटका इथे समोरच्याच्या कमरेच्या उंचीवर, हातात आणून दिल्यासारखा पोचतो. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने कोर्टच्या वेगाचे पाच गट केलेत. रेटिंग २९ किंवा त्याखाली असेल तर स्लो, ३० ते ३४ मीडियम स्लो, आणि ४५ किंवा वर गेलं की फास्ट. लाल माती बहुतेक वेळा पहिल्या गटात येते. हिरवी माती, जी दगड दळून करतात, ती लाल मातीपेक्षा थोडी फास्ट.

फरक किती पडतो ते बघा, पीट सॅम्प्रसने १४ ग्रँड स्लॅम जिंकले पण फ्रेंच ओपनच्या फायनलला तो एकदाही पोचला नाही, १९९६ ची सेमीफायनल हीच त्याची तिथली सगळ्यात मोठी मजल. आणि राफाएल नदालने तीच स्पर्धा १४ वेळा जिंकली, तिथल्या ११२ मॅच जिंकल्या आणि फक्त ४ हरल्या. तेव्हा क्लेवर आल्यावर पहिले काही आठवडे हरलात तर आपला खेळ बिघडला असं अजिबात समजू नका. मातीचं कोर्ट तुमचे विनर काढून घेतं आणि बदल्यात वेळ देतं, तुम्हालाही आणि समोरच्यालाही. तो वेळ कसा वापरायचा, एवढंच शिकायचंय.

काय काय लागेल

- क्लेचे शूज. संपूर्ण सोलवर वाकड्यातिकड्या नागमोडी खाचा असतात त्याला हेरिंगबोन म्हणतात. त्या खाचा माती पकडतात पण अडकवून ठेवत नाहीत. रनिंग शूज घालून कृपया येऊ नका, त्यांचा सोल उंच असतो आणि कडेला आधार नसतो, घोटा मुरगळायला एक चुकीचं पाऊल पुरे.
- गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारांचा ताण, एक-दोन किलोने सैल. इथे वेग तुम्हालाच तयार करावा लागतो, थोडी सैल तार बॉलला जास्त लांब फेकते. एकदम चार किलो कमी करू नका, कंट्रोल जाईल.
- शक्यतो दुसरी रॅकेट. मातीचे कण तारांमध्ये अडकून तार कापतात, हार्ड कोर्टवर महिनाभर टिकणारी तार इथे लवकर तुटते. नॅचरल गट (जनावरांच्या आतड्यापासून केलेली तार) असेल तर आणखीच जपायला लागतं.
- बॉल घेताना रेग्युलर ड्यूटी लिहिलेले घ्या. एक्स्ट्रा ड्यूटीचं लोकरीचं आवरण जास्त जाड आणि सैल असतं, त्यात माती शिरते आणि बॉल जड होतो.
- टोपी, टॉवेल, नेहमीपेक्षा जास्त पाणी, मोज्यांचा जादा जोड.

१. आधी पाय, फटक्यांचं नंतर बघू

सगळे टॉपस्पिनपासून सुरू करतात आणि मला वाटतं तिथेच चूक होते. फटका कितीही छान असू दे, पाय जागेवर पोचले नाहीत तर तो फटका मारायला मिळतच नाही. हार्ड कोर्टवर तुम्ही धावता, पाय रोवता, बूट चीं करून थांबतो, मारता, परत फिरता. मातीवर पाय रोवायला गेलात तर पाय थांबत नाही, पुढे सरकतो, आणि घाबरून तुम्ही अंग ताठ करता. मग पुढचे चार दिवस बॉलकडे कमी आणि पायाकडे जास्त लक्ष असतं.

पहिल्या दिवशी रॅकेट बाजूला ठेवा. खरंच ठेवा. कोर्टवर वीस मिनिटं नुसतं फिरा, छोटी छोटी पावलं, दिशा बदलताना एक मोठं पाऊल टाकायच्याऐवजी तीन लहान. मातीवर एकदम वळता येत नाही, हे शरीराला कळायला हवं. जिथे हार्ड कोर्टवर एक जोरदार ढकल देऊन निघायचात तिथे इथे पाय मागे सटकतो, म्हणून पहिली दोन पावलं आखूड आणि शरीर खाली. गुडघे वाकलेले. स्प्लिट स्टेप, म्हणजे समोरचा मारतो त्या क्षणी घेतलेली छोटी उडी, इथे जास्त गरजेची आहे कारण निघायला उशीर झाला तर तो भरून काढता येत नाही.

२. स्लाइड करायला शिका, पण बॉलच्या आधी

याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या.

सुरुवात समोरच्या दिशेने करा, बाजूला नको. बेसलाइनवरून सर्व्हिस लाइनकडे चार-पाच पावलं पळा आणि पुढचा पाय बोटं समोर ठेवून, टाच आधी टेकवून मग पूर्ण सोल, असा सरकू द्या. मागच्या पायाची बोटं मातीवर हलकी घासत राहू दे, तोल त्याच्यावर सांभाळला जातो. शरीराचं वजन दोन पायांच्या मध्ये, पुढच्या पायावर सगळं टाकलं तर पाय मातीत रुततो आणि तुम्ही पुढे कोसळता. सुरुवातीला अर्धा मीटर सरकलात तरी भरपूर झालं.

तो जमला की बाजूचा स्लाइड. फोरहँडला बाहेरचा पाय सरकतो. इथे पाय पूर्ण आडवा टाकू नका, बोटं थोडी नेटच्या खांबाकडे वळलेली असू देत, आणि बुटाची बाहेरची कड मातीत रुतणार नाही याची काळजी घ्या, घोटा तिथेच मुरगळतो. जांघेचा स्नायू इतका ताणायची सवय नसते त्यामुळे दहा मिनिटं वॉर्म-अप केल्याशिवाय मोठा स्लाइड करायचाच नाही. मी हे ऐकलं नव्हतं आणि तीन आठवडे घरी बसले होते.

आता खरी गोष्ट, वेळेची. स्लाइड फटक्याच्या आधी सुरू व्हायला हवा आणि बॉल मारताना संपत आलेला हवा. बहुतेक नवीन लोक बॉलपर्यंत धावतात, मारतात आणि मग घसरत बाहेर जातात. तो स्लाइड नाही, ते नुसतं न थांबता येणं आहे, आणि त्यात परत यायला दोन पावलं जास्त लागतात. आपला स्लाइड बरोबर आहे की नाही हे ओळखायला कान वापरा. आधी मातीचा "खर्रर्र" आणि मग बॉलचा "टक", हा बरोबर क्रम. "टक" आधी आणि "खर्रर्र" नंतर ऐकू आला की तुम्ही उशीर केला. मी एका मैत्रिणीला शेजारी उभं करून फक्त आवाज ऐकायला सांगायचे, ती प्रत्येक बॉलला "आधी" किंवा "नंतर" एवढंच ओरडायची. पहिल्या दिवशी वीसपैकी सोळा "नंतर" होते. दोन आठवड्यांनी आकडा उलटा झाला.

पायाखालची माती किती महत्त्वाची असते याचं मोठं उदाहरण म्हणजे माद्रिदची स्पर्धा. २०१२ साली तिथे निळ्या रंगाची माती टाकली होती, ती इतकी निसरडी निघाली की नदाल आणि जोकोविच दोघांनीही असंच राहिलं तर पुढच्या वर्षी येणार नाही असं सांगितलं. पुढच्या वर्षी लाल माती परत आली. जगातले सगळ्यात चांगले पायसुद्धा माती बदलली की अडखळतात, मग आपल्याला महिना-दीड महिना लागला तर लागू दे.

एक सापळा: काही कोर्टवर लाइनी म्हणजे खिळे ठोकून बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. ओल्या असल्या की त्यावरून पाय सपकन निसटतो. बॉल पट्टीवर पडला तरी उसळायच्याऐवजी सरकून जातो. खेळायच्या आधी सगळ्या लाइनींवरून एकदा चालून घ्या, कुठे खिळा वर आलाय का, पट्टी सुटलीय का, बघा.

३. नेटच्या वरून उंच आणि खोल

नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर. फास्ट कोर्टवर आपण नेटला घासून मारायला शिकलेलो असतो, इथे तो बॉल सर्व्हिस लाइनवर पडतो आणि समोरचा आत येऊन मारतो. रॅलीमधला साधा बॉल नेटच्या वरून मीटर-दीड मीटर उंचीने गेला पाहिजे. आमच्या कोर्टवर आम्ही दोन उभ्या काठ्यांना नेटपासून दीड मीटर उंचीवर दोरी बांधली होती आणि दोघींनी पन्नास पन्नास बॉल दोरीच्या आसपासच्या उंचीने मारायचे असं ठरवलं होतं. पहिल्यांदा असं वाटतं की बॉल बाहेरच जाणार. जात नाही, टॉपस्पिन असेल तर तो खाली वळतो.

टॉपस्पिनसाठी ग्रिप (रॅकेट धरायची पद्धत) सेमी-वेस्टर्न, म्हणजे तळवा दांड्याच्या थोडा खालच्या बाजूला, असेल तर उत्तम. मनगट फिरवून स्पिन येत नाही, रॅकेटचं डोकं बॉलच्या खाली सोडायचं आणि वर घासत न्यायचं. आणि पूर्ण फॉलो-थ्रू, म्हणजे बॉल लागल्यावरही हात शेवटपर्यंत फिरू द्यायचा. घाबरून हात मध्येच थांबवला की बॉल हमखास बाहेर, हे उलटं वाटतं पण करून बघा.

खोली म्हणजे किती? सर्व्हिस लाइनपासून बेसलाइन ५.४९ मीटर असते. त्यातले शेवटचे दोन मीटर तुमचं टार्गेट, तिथे मातीवर बुटाने एक रेघ ओढून ठेवा आणि दहा मिनिटांच्या रॅलीनंतर ठसे मोजा. मोजल्याशिवाय आपल्याला वाटत असतं की आपण खोल मारतोय.

४. खांद्याच्या उंचीचा बॉल

हा सगळ्यांना त्रास देतो, एका हाताने बॅकहँड मारणाऱ्यांना तर फारच. समोरच्याने टॉपस्पिन मारला की बॉल खांद्यापर्यंत चढतो. तुमच्याकडे दोनच खरे पर्याय आहेत, एक तर दोन-तीन पावलं मागे जाऊन तो कमरेपर्यंत खाली येऊ देणं, नाहीतर आत जाऊन वर चढतानाच घेणं. मधेच उभं राहून खांद्यावरून ढकलणं हा तिसरा पर्याय आहे आणि आपण सगळे तोच करतो. नवीन असाल तर मागे जा, काही कमीपणा नाही, फक्त मागून मारताना आणखी उंच मारा. स्लाइस (बॉलच्या खालून कापत मारलेला फटका) वापरा पण गवतासारखा तो इथे खाली सरकत नाही, थोडा उभा राहतो. तो फक्त लय तोडायला आणि श्वास घ्यायला.

५. सर्व्हिस: एस विसरा, पहिला बॉल मिळवा

क्लेवर एस (समोरच्याची रॅकेटही न लागता पॉइंट देणारी सर्व्हिस) मिळतात, पण त्यांच्यावर मॅच उभी करता येत नाही. सर्व्हिसचं काम म्हणजे समोरच्याकडून एक अर्धवट रिटर्न काढणं, म्हणजे पुढचा फोरहँड तुम्हाला मनासारखा मिळेल. म्हणून पहिली सर्व्हिस ताकदीच्या तीन चतुर्थांश जोरावर, पण जास्त वेळा आत. दुसरी सर्व्हिस किक (टॉपस्पिन देऊन उंच उसळवलेली) असेल तर सोनं, कारण मातीवर ती समोरच्याच्या खांद्याच्या वर उसळते. अंगावर सर्व्हिस टाकणं आम्ही विसरूनच जातो, तीही वापरा, खेळाडूला बाजूला सरकायला वेळ लागतो आणि निसरड्या मातीवर तर आणखीच.

आणि हे मनाशी पक्कं करा की इथे सर्व्हिस तुटणं, म्हणजे आपण सर्व्हिस करत असलेला गेम हरणं (ब्रेक), ही रोजची गोष्ट आहे. हार्ड कोर्टवर ब्रेक झाला की मी अर्धा सेट हरल्यासारखी खेळायचे. क्लेवर पुढच्याच गेममध्ये परत ब्रेक मिळायची शक्यता चांगली असते, ३-१ ने मागे असणं म्हणजे अजून काहीच झालेलं नाही.

६. रिटर्न

एक-दोन मीटर मागे सरका, पूर्ण स्विंग करायला वेळ मिळतो. रिटर्न उंच आणि मधोमध खोल. फक्त कायम तिथेच उभं राहू नका, चांगला सर्व्हर दोन गेममध्ये ओळखतो आणि मग बाहेरच्या कोनात सर्व्हिस टाकून तुम्हाला प्रेक्षकांत पाठवतो. अधूनमधून आत येऊन घ्या.

७. पॉइंट बांधायचा असतो

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ही सवय हाताची नसून डोक्याची आहे. हात शिवशिवतात. तीन बॉल झाले की वाटतं आता मारूया. आणि मारलात की तो परत येतो, मग आणखी जोरात, मग बाहेर.

मला ज्याने फरक पडला तो नियम सांगते. बेसलाइनच्या मागे असाल तर क्रॉसकोर्ट, काही झालं तरी क्रॉसकोर्ट. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात अंतर जवळपास २५.१५ मीटर आहे, सरळ लाइनवर २३.७७. म्हणजे तिरकं मारताना जवळपास १.४ मीटर कोर्ट जास्त मिळतं, वर बॉल नेटच्या मधल्या, बुटक्या भागावरून जातो, आणि तुम्हाला परत जागेवर यायला कमी पळावं लागतं. तीन फायदे एकाच फटक्यात. लाइनवर कधी मारायचं? तुमचे दोन्ही पाय बेसलाइनच्या आत असतील तेव्हा. पाय आत नाहीत तर लाइन नाही. बस एवढाच नियम, आणि फक्त त्यामुळे माझ्या चुका अर्ध्यावर आल्या.

मग आखूड बॉल येतो. तो येतोच, धीर धरला की येतो, कधी पाचव्या बॉलला कधी बाराव्या. तेव्हाही थेट विनर नको, आत जाऊन कोपऱ्यात खोल मारा, समोरचा जेमतेम परत करेल, मग पुढचा. थोडक्यात विनर एका फटक्याचा नाही, तीन फटक्यांचा.

आणखी एक गोष्ट जी फास्ट कोर्टवर एवढी चालत नाही, ती म्हणजे समोरचा जिथून निघालाय तिथेच परत मारणं. तो मोकळा कोपरा वाचवायला धावतोय, तुम्ही त्याच्या मागे मारा. मातीवर एकदा वेग घेतल्यावर उलटं फिरणं फार अवघड, पाय सरकत राहतो. मोकळा कोपरा दिसतोय तरी तिथे मारू नका, कधीकधी तो मोकळा असतो कारण समोरचा तिथेच निघालाय.

आणि अगदीच अडचणीत असाल तर उंच बॉल. खूप उंच, खोल, मधोमध. याला काही लोक नाकं मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांचा मायकल चँग तेव्हाचा नंबर वन इव्हान लेंडलसमोर दोन सेट मागे होता, त्यातून वर आला तर पायात गोळे आले, तेव्हा त्याने असेच उंच बॉल मारत वेळ काढला, एक सर्व्हिस तर खालून केली, आणि ती मॅच जिंकून पुढे स्पर्धाही जिंकली. पाय चालत नसतील तेव्हा बॉलला हवेत ठेवणं हीच अक्कल.

८. ड्रॉप शॉट, पण कधी

ड्रॉप शॉट म्हणजे नेटच्या अगदी पलीकडे हलकाच टाकलेला बॉल. समोरचा बेसलाइनच्या दोन मीटर मागे आणि तुम्ही बेसलाइनच्या आत, दोन्ही एकाच वेळी असेल तरच. मागच्या स्पिनने पडलेला बॉल माती धरून ठेवते, तो पुढे येतच नाही. मारल्यावर तिथे उभं राहून बघत बसू नका, दोन पावलं आत या, कारण तो पोचला तर उत्तरही ड्रॉपच असेल. दमलोय म्हणून ड्रॉप मारायचा मोह होतो, मी त्यावर कित्येक गेम घालवलेत. दमला असाल तर उंच बॉल, ड्रॉप नाही.

९. आज कोर्ट कसं आहे ते आधी बघा

एकच कोर्ट सकाळी आणि दुपारी वेगळं असतं. पाणी मारलेलं किंवा पाऊस पडून गेलेला असेल तर माती जड, बॉल ओला आणि वजनदार, अशा वेळी विनर जवळपास विसरा आणि रॅलीची तयारी ठेवा. कडक ऊन आणि कोरडी माती असेल तर बॉल चांगलाच उडतो, तेव्हा थोडा हल्ला करता येतो, पण पाय जास्त सटकतो. उंचावरच्या गावात हवा विरळ असल्याने तीच माती फास्ट वाटते, माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे म्हणून तिथलं क्ले पॅरिसपेक्षा वेगवान खेळतं. वॉर्म-अपच्या पहिल्या पाच मिनिटांत उसळी कमरेपर्यंत येतेय की छातीपर्यंत, एवढं जरी बघितलंत तरी कुठे उभं राहायचं ते कळेल.

१०. ठसा बघून कॉल द्यायची पद्धत

अंपायर नसेल तर आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा. शंका असेल तर बॉल आत धरायचा, ठसा लाइनला जरासा जरी टेकला असेल तरी आत. ठसा दाखवायचा असेल तर भोवती गोल काढा, पायाने पुसू नका. समोरच्याच्या बाजूला त्याला विचारल्याशिवाय ठसा बघायला जायचं नाही, यावरून फार भांडणं होतात. आणि जुना ठसा नव्याचा समजून भांडू नका, म्हणूनच सेट संपला की लाइनी झाडून घ्याव्या.

११. कोर्ट स्लो आहे पण माती नाही

काही हार्ड कोर्टच्या रंगात जास्त वाळू मिसळलेली असते, ती पण स्लो खेळतात आणि बॉलचं आवरण लवकर फुगतं. वरचं ३, ४, ५, ७ तिथे जसंच्या तसं लागू. स्लाइड मात्र नको, तो वरच्या पातळीवरचे खेळाडू करतात, आपल्या गुडघ्यांना परवडणारा नाही.

१२. ब्रश फिरवायच्या आधी दोन मिनिटं

खेळ संपला की लगेच ब्रश उचलू नका. आधी समोरच्या बाजूला जा आणि तुमच्या बॉलचे ठसे बघा. सगळे सर्व्हिस लाइनच्या आत असतील तर पुढच्या वेळी पायरी ३. खोल आहेत पण सगळे मधोमध, तर आता कोन शोधायची वेळ आली. मग आपल्या बाजूला या. बेसलाइनच्या मागे दोन मीटरवर माती उकरलेली आणि आत काहीच पाऊलखुणा नाहीत, तर तुम्ही एकही आखूड बॉल घ्यायला आत गेला नाहीत. स्लाइडची रेघ जिथे संपते तिथे मातीचा छोटा ढीग आणि लगेच परतीचं पाऊल दिसत असेल तर स्लाइड छान चाललाय. रेघ संपल्यावर बाहेरच्या बाजूला आणखी दोन-तीन पावलं उमटलेली दिसली तर अजून उशीर होतोय. मी वहीत चार ओळी लिहून ठेवायचे, आजही लिहिते.

मग ब्रश. बाहेरच्या कडेपासून सुरू करून गोल गोल आत येत नेटपाशी संपवायचं, म्हणजे आपलेच पाय परत उमटत नाहीत. फक्त खेळायच्या भागावर ब्रश फिरवला तर हळूहळू माती कडेला साचते आणि मधे खड्डा पडतो, म्हणून पार कुंपणापर्यंत जा. शेवटी लाइनी वेगळ्या छोट्या ब्रशने, आणि गेटबाहेर पडताना बुटांचे तळवे एकमेकांवर आपटून खाचांमधली माती तिथेच पाडून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तो सोल पकडत नाही.